तिसऱ्या बुधवारचा डॉक्टर

सोमाजी दारू पितो याचं बोडीटोल्यात कुणाला काही वाटत नव्हतं. वाटायचं ते एवढंच, की इतकी पिऊनही हा माणूस पाण्याची पाळी कशी चुकत नाही. तो गावच्या तलावाचा पाणकर. धान निसवायला लागलं की तलावाचा तुडुम, म्हणजे पारीच्या, तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पोटातलं ते दगडी तोंड, उघडायचा, पाणी नहरात सोडायचं आणि कुणाच्या बांधीत किती वेळ जाऊ द्यायचं ते ठरवायचं, हे त्याचं काम. बापानंतर बावीस वर्षं तो ते करत होता. पाण्यावरून भांडणं व्हायची, फावडी उगारली जायची, पण सोमाजीनं घातलेला बांध कुणी हलवत नसे.

कशानं लागली, असं लोक विचारतात. शहरातल्या माणसांना तर दारूमागं हमखास एखादं दुःख हवं असतं. इथं दुःखबिःख काही नव्हतं. मोहफुलाची दारू सगळ्या गावानं प्यायली. लग्नात प्यायली, मंडईच्या जत्रेत प्यायली, धानाचा रोवणा संपला म्हणून प्यायली. बाकीच्यांची सकाळी उतरली, याची उतरली नाही, झालं. पन्नाशीला आला तेव्हा पहिला घोट पोटात गेल्याशिवाय त्याला चहाची कपबशी धरवत नव्हती. बशी वाजायला लागायची आणि त्याची बायको रुखमिणी चुलीपाशी बसून ती वाजणारी बशी ऐकायची.

रुखमिणी सिहोऱ्याकडची. बोलायला फटकळ, कामाला वाघीण. एखादी गोष्ट मनात घेतली की तडीस नेल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. गावातले लोक तिच्या माघारी तिला हवालदारीण म्हणत आणि तिच्या तोंडावर मुकाट्यानं तिचं ऐकत. एकुलती एक मुलगी डिंपल, ती लग्न होऊन गोसीखुर्दकडच्या एका पुनर्वसनाच्या गावात गेलेली. घरात दोघंच उरली. दोघं आणि ती बाटली, असं रुखमिणी म्हणायची आणि हसायची. अलीकडे हसायची थांबली होती. नवऱ्याचे पाय सुजायला लागले होते, डोळे हळदीसारखे दिसत होते, आणि हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत जाणार हे तिला लख्ख कळून चुकलं होतं. तिला तो जायला नको होता. बावीस वर्षं त्याच्यावर ओरडून झालं तरी तिला तोच हवा होता.

आशाताई रिता पोलिओच्या कामाला आली तेव्हा तिनंच सांगितलं.

"काकू, तालुक्याच्या दवाखान्यात मनाचा डॉक्टर येते. महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी. दारू सोडाचं औषधबी देते तो."

"रोज नाई येत?"

"एकटाच हाय तो. आज येठी, उद्या तेठी. रोजचा पायजे तं भंडाऱ्याले जा. भरती करायचं तं नागपूर."

रुखमिणीनं तिसरा बुधवार पक्का केला. पक्का केला म्हणणं सोपं आहे. बोडीटोल्याहून फाट्यापर्यंत चार किलोमीटर पायी, मध्ये नाल्यावरचा रपटा, पाणी असलं तर कंबरेपर्यंत लुगडं वर. फाट्यावरून सकाळची एकच एसटी. ती अर्ध्या वाटेवर सोडते. तिथून काळीपिवळी, ती भरेपर्यंत हलत नाही. सगळं जमून आलं तर साडेदहाला दवाखान्याचं दार दिसतं.

भादव्यातल्या तिसऱ्या बुधवारी ती नवऱ्याला घेऊन निघाली. निघताना त्यानं दोन घोट घेतले, कारण त्याशिवाय त्याला चालता येत नव्हतं. फाट्यावर दोन घेतले. काळीपिवळी भरेपर्यंत वेळ होता, म्हणून तो मुतायला जातो सांगून पलीकडच्या टपरीमागं जाऊन आला. दवाखान्यात त्रेचाळिसावा नंबर मिळाला. नंबर आला तेव्हा दुपारचा दीड वाजला होता आणि सोमाजी भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून घोरत होता.

डॉक्टर पोरगेलासा होता. डोळ्यांखाली काळं. त्यानं सोमाजीच्या पापण्या वर करून पाहिल्या, नाडी पाहिली.

"ताई, हे आज बोलायच्या स्थितीत नाहीत. मला यांच्याशी बोलावं लागेल, नीट तपासावं लागेल. पुढच्या वेळी पिऊन आणू नका."

"पुढच्या वेळी म्हणजे उद्या आणू का साहेब?"

"पुढच्या महिन्यात. तिसऱ्या बुधवारी." आणि त्यानं चव्वेचाळिसावा नंबर पुकारला.

त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही. बाहेर साठ माणसं बसली होती. कुणाला भूतं दिसत होती, कुणी विहिरीतून काढलेलं, एका पोरीला तर तिच्या भावानं कमरेला दोरी बांधून आणलं होतं. एकेकाच्या वाट्याला चार मिनिटं येत होती. चार मिनिटांत 'पिऊन आणू नका' एवढंच मावतं. ते कसं करायचं हे पाचव्या मिनिटाचं बोलणं होतं, आणि ते मिनिट चव्वेचाळिसाव्या नंबराचं होतं.

परतीच्या गाडीत सोमाजीची उतरायला लागली. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मले वाटलं सुई देतीन."

"पेऊन आलेल्याले देत नाईत म्हने."

"पुढच्या बारीले चांगला येईन." मग पुन्हा म्हणाला, "सगळ्याइच्या पुढं झोपलो ना मी?"

त्याचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं तेव्हा तिनं ते कलंडू दिलं.

आता मधला महिना. महिनाभर रुखमिणीच्या डोक्यात एकच होतं, या माणसाला डॉक्टरपुढं शुद्धीत उभा करायचा. आणि ते कसं करायचं हेही तिला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

बोडीटोल्यात रीत आहे. तुडुम उघडायच्या आधी तीन दिवस पाणकर पाळणूक करतो. दारू नाही, मटण नाही, घरी झोपणं नाही. पारीवर मातामायचा, म्हणजे गावदेवीचा, ओटा आहे, तिथं तो तीन दिवस राहतो, चौथ्या दिवशी अंघोळ करून तुडुमाची मेख वर उचलतो. पाणकर बाटलेला असला तर तलाव फुटतो असं मानतात. सोमाजीनं बावीस वर्षं पाळणूक केली होती. दारुड्या म्हणून त्याला हिणवणारेही हे कबूल करत, की मातामायचे तीन दिवस तो बाटलीला शिवत नाही. मग जे मातामायसाठी जमतं ते डॉक्टरसाठी का जमू नये? रुखमिणीचा हिशोब असा सरळ होता. त्यात खोट काढायला गावात कुणी नव्हतंच.

आश्विन लागला. तिसऱ्या बुधवारच्या आधीचा शनिवार आला तेव्हा तिनं नवऱ्याला सांगितलं. "इतवार, सोमवार, मंगळवार. तीन दिवस पाळा. बुधवारी जाऊ."

सोमाजी हसला. "डॉक्टर का मातामाय हाय का?"

"माह्यासाठी तेच समजा."

त्याचं हसू गेलं आणि तोंडावर काहीतरी भीतीसारखं आलं. ते तिला दिसलं, पण दारू सुटायची म्हणून भ्याला असेल असं तिनं धरलं. शेवटी त्यानं मान हलवली. "बरं. कर तुह्या मनासारखं."

हवालदारीण कामाला लागली. धानाच्या कोठीमागची बाटली काढली, आढ्यातली काढली, गोठ्यातल्या कडब्यातली काढली. तिन्ही दारच्या मोरीत ओतल्या. दीर चंद्रकुमार, सोमाजीचा धाकटा भाऊ, सोमाजीच्या हाताखालीच नहराची कामं शिकलेला, त्याला तिनं अंगणात खाट टाकून बसवलं. सोमाजीला आत ठेवून दाराला बाहेरून कडी लावली.

रविवारी तो घामानं भिजला. जेवला नाही. हात असे हलत होते की पाण्याचा गडवा तोंडाशी तिलाच धरावा लागला. ती म्हणाली, "एक दिवस गेला." तिला खरंच बरं वाटत होतं. अंगातलं विष निघून राहिलंय, असं ती चंद्रकुमारला म्हणाली.

सोमवारी त्याला उलट्या सुरू झाल्या. डोळा लागला नव्हता. दुपारी तो सरकत दारापाशी आला आणि फटीला तोंड लावून बोलायला लागला.

"डिंपलची माय. वं. आयक."

"काय हाय?"

"एक घोट दे. जास्त नोको. एक."

"नाई."

"आयक तं. मी पाळली नाई वं पाळनूक. चार वर्सं झाली. मातामायच्या ओट्याच्या मांगं लपवून ठेवत होतो. तीन दिवस थोडी थोडी पेत होतो. त्याबिगर मले उभं नाई राहता येत. मातामायची आन, पाळली नाई."

रुखमिणीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एका घोटासाठी हा माणूस देवीलाही खोटं पाडायला निघालाय! बावीस वर्षांत या घरात जी एक गोष्ट ताठ मानेनं सांगायची होती तीही आता बाटलीसाठी विकायला काढली. तिनं कडीवर हात मारला.

"लाज नाई वाटत का? मातामायचं नाव घेऊन खोटं बोलून राह्यले?"

"खोटं नाई." तो रडत होता. "तूच सांग, मी चंद्रकुमारले काय शिकवलं? जोराचं पानी एकदम नाई अडवत. एक ढेकूळ टाकाचं, पानी पाह्याचं, मंग दुसरं ढेकूळ टाकाचं. एकदम अडवलं का पानी बांध फोडून निघते. थोडी थोडी दे वं. थोडी थोडी कमी कर."

चंद्रकुमार खाटेवरून उठला होता. "वयनी, एक घोट द्याचा का?"

"दिली का सारं गेलं," रुखमिणी म्हणाली. "परवा डॉक्टरपुढं पुन्ना वास येईन. पुन्ना एक महिना. एक महिना टिकन का हा माणूस?"

चंद्रकुमार खाली बसला. तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. महिना चुकला की महिनाच जात होता, मधला कुठला दिवस नव्हताच.

मंगळवारी सकाळी आतून धडपड ऐकू आली. तिनं कडी काढली. सोमाजीनं अंथरूण फाडलं होतं. गोधडी, चटई, तिची दोन लुगडी, पोत्यातलं धान, हाताला येईल ते तो उंबऱ्याशी दाबून दाबून बसवत होता. डोळे वटारलेले. तिच्याकडं बघून तो ओरडला, "फावडा आन! पाहून काय राह्यली? तुडुम फुटला! सारं पानी घरात येऊन राह्यलं!"

घर कोरडं होतं. तो गुडघ्यावर बसून कोरड्या जमिनीवरून दोन्ही हातांनी पाणी मागं लोटत होता. इतका वेळ तिला वाटत होतं की आपण त्याला वर ओढतोय. पहिल्यांदाच तिला वाटलं, की हा हातातून सुटतोय.

गाव जमायला वेळ लागला नाही. अंगात आलं म्हणाले. मातामाय कोपली म्हणाले. पाळणूक तिची, ती डॉक्टरच्या नावानं केली, मग काय होणार? कुणी लिंबू आणलं, कुणी राख. रुखमिणी सगळ्यांना सारून पारीकडं पळाली. फोनला रेंज फक्त पारीवर, ओट्यापाशी उभं राहिलं तर मिळते. तिथं उभं राहून तिनं रिताला फोन लावला.

"काकू, मले यातलं समजत नाई," रिता घाबरली होती. "डॉक्टरलेच पुसा."

"कोठी हाय तो?"

"आज दुसऱ्या तालुक्यात असन. तुमच्याकडं उद्या."

रुखमिणी फोन हातात धरून उभी राहिली. समोर तलाव काठोकाठ भरलेला, निवांत. तिचं लक्ष सहज ओट्याच्या मागं गेलं. दगडांच्या सांदीत काहीतरी चमकत होतं. तिनं वाकून पाहिलं. रिकाम्या चपट्या बाटल्या होत्या. जुन्या, चिखलानं माखलेल्या, काहींच्या आत शेवाळ धरलेलं. एका वर्षाच्या नव्हत्या त्या.

तो खरं सांगत होता.

ती वाकलेली होती तशीच राहिली. मग उठली आणि घराकडं धावत सुटली. वाटेत केशरबाईचं घर लागतं, तिचा नवरा कवडू रोजचा पिणारा, त्याच्याकडं बाटली मागावी असं तिच्या मनात आलं आणि ती केशरबाईच्या अंगणात वळलीही. तेवढ्यात चंद्रकुमारची हाक आली. ती तशीच घराकडं पळाली. सोमाजी उंबऱ्याशी पडला होता, अंग ताठ, दात गच्च, तोंडातून रक्ताचा फेस. आकडी थांबली तेव्हा त्याच्या तोंडात काही घालायची सोयच उरली नव्हती.

एकशे आठची गाडी दुसरीकडं गेलेली. ती आली फाट्यावर, कारण रपट्यावर पाणी होतं. खाटेला दोन बांबू बांधून चौघांनी सोमाजीला फाट्यापर्यंत नेलं. गाडीनं आधी जवळच्या आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरनं त्याला पाहिलं आणि रुखमिणीला विचारलं, "दारू पितात?"

"पेत होते साहेब. आता सोडली." इतकं होऊनही तिच्या तोंडून ते जरा ताठ मानेनंच निघालं. महिनाभर डॉक्टरपुढं सांगायचं म्हणून घोकलेलं वाक्य होतं ते. "तीन दिवस झाले, एक थेंब नाई."

डॉक्टरनं मान वर केली. "एकदम बंद केली?"

"डॉक्टरनंच सांगतलं, पेऊन आणू नोका."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं सुई दिली, कागद लिहिला आणि म्हणाला, "इथं नाही होणार. नागपूरला न्या. लवकर न्या." मग खालच्या आवाजात म्हणाला, "इतकी पिणाऱ्याची एकदम तोडत नाहीत, बाई. हळूहळू कमी करतात. औषधाखाली."

"तो सांगत होता," रुखमिणी म्हणाली. "दारातून सांगत होता."

भंडारा यायच्या आत गाडीत दुसरी आकडी आली. तिसरी आली तेव्हा नागपूर साठ किलोमीटर होतं. गाडीतल्या माणसानं छाती दाबली, पुन्हा दाबली, मग ड्रायव्हरला म्हणाला, हळू घे आता.

बुधवारी दुपारी, तलावाच्या खालच्या अंगाला, सोमाजीला जाळलं. डिंपल येईपर्यंत थांबले होते. चिता पेटली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, आणि रुखमिणीच्या मनात आलं, आता त्रेचाळिसावा नंबर आला असेल.

गावानं आपला निकाल लावून टाकला. मातामायनं नेला. हे लोकांना सोयीचं होतं, आणि खरं सांगायचं तर रुखमिणीवरचा आळ त्यामुळं टळत होता. पण तिला तो आळ हवा होता. कुणीतरी तोंडावर येऊन म्हणावं, तू मारलंस, म्हणजे निदान ते बाहेरून ऐकायला येईल. आतून ते दिवसरात्र ऐकू येत होतं. त्या फटीतून. थोडी थोडी दे वं. ओट्यामागच्या बाटल्यांचं तिनं कुणाला सांगितलं नाही. एके दुपारी जाऊन तिनं त्या सगळ्या गोळा केल्या आणि पुरल्या. त्याची लाज तेवढी राखली.

तुडुम त्या वर्षी चंद्रकुमारनं उघडला.

कार्तिकात केशरबाई आली. कवडूचे पायही सुजले होते. ती आली, अंगणात बसली, पदराचं टोक पिळत राहिली, आणि मग म्हणाली, "वयनी, रागावू नोको. मले याले डॉक्टरकडं न्याचं हाय. येत्या बुधवारी. तू भाऊजीले तीन दिवस ठेवलं होतं ना बिगर दारूचं? मी किती दिवस अगोदर बंद करू?"

रुखमिणीनं तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट की केशरबाईच्या बांगड्या रुतल्या.

"बंद नोको करू," ती म्हणाली. "ऐकलं का? बंद नोको करू. मी येतो तुह्या संगं."

बुधवारी पहाटे ती एक भरलेली चपटी कमरेला खोचून निघाली. आयुष्यात दारूला हात लावला होता तो ओतून टाकायलाच. फाट्यावर कवडूचे हात थरथरायला लागले तेव्हा तिनं बूच भरून त्याला दिलं. एक बूच. त्यानं अजून मागितलं, तिनं नाही म्हटलं. अर्ध्या तासानं हात पुन्हा हलले, तिनं पुन्हा एक बूच दिलं. जास्त नाही, कमी नाही. हलणं थांबेल एवढीच. गाडीत कंडक्टर बघत होता, बायाबापड्या नाकाला पदर लावून बघत होत्या. पोक्त बाई परक्या गड्याला एसटीत दारू पाजते, हे काय बघण्यासारखं नव्हतं? रुखमिणी त्याच्या हातांकडं बघत होती. साडेदहाला ते दवाखान्यात पोचले तेव्हा कवडू स्वतःच्या पायांनी उतरला, नाव विचारलं तर नाव सांगत होता, गाव विचारलं तर गाव. डॉक्टरला हवा तसा माणूस तिनं दारापर्यंत आणला होता. शिकली होती ती. सोमाजीनं शिकवलं होतं.

डॉक्टरच्या खोलीला कुलूप होतं.

"मनाचे डॉक्टर?" परचीच्या खिडकीतला माणूस म्हणाला. "त्यांची बदली झाली. नवीन कोणी आलं नाही अजून."

"कदी येतीन?"

"ते मी कसं सांगू? आले की तिसऱ्या बुधवारी बसतील. चौकशी करत राहा."

केशरबाई मटकन पायरीवरच बसली. आणखी माणसं येत होती, कुलूप बघत होती, थोडा वेळ कुलपाकडंच बघत उभी राहत होती आणि फिरत होती. ती दोरी बांधलेली पोरगीही आली होती. तिचा भाऊ दोरी हातात धरून विचारत होता, मग आता हिला कुठं न्यायचं?

परतीची काळीपिवळी तीनच्या आधी भरत नव्हती. कवडूचे हात हलायला लागले. रुखमिणीनं दवाखान्याच्या पायरीवर बसून, कमरेची चपटी काढून, बूच भरलं. एक थेंब सांडू दिला नाही. एक नर्स जाताना थबकली, "अहो, काय करताय हे दवाखान्यात!" रुखमिणीनं तिच्याकडं पाहिलंही नाही. तिनं बूच कवडूच्या ओठांना लावलं आणि त्याची हनुवटी दुसऱ्या हातानं धरली.

त्यानं गिळलं. हळूहळू त्याचे हात मांडीवर शांत झाले. तो लहान पोरासारखं तिच्याकडं बघत म्हणाला, "सोमाजीभाऊलेबी तू अशीच मोजून मोजून देत होती का वयनी?"

रुखमिणीनं बूच लावलं. घट्ट पिळून लावलं.

"नाई गा," ती म्हणाली. "त्यायले मी एक थेंबबी नाई दिला."